पहाटे पाहिलेला माणूस

एका रविवारी सकाळी मी आमच्या इमारतीतल्या एका निरपराध म्हाताऱ्याला पोलिसांच्या गाडीत बसवलं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मला एवढंच विचारलं होतं, काही पाहिलंत का? आणि मी "नाही" म्हणालो नाही.

"माहीत नाही" हे वाक्य माझ्या तोंडातून निघतच नाही. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पत्ता विचारणाऱ्याला नुसता पत्ता सांगत नाहीत, त्याच्याबरोबर दहा पावलं चालतात, वाटेत त्याचं गाव विचारतात. पत्ता माहीत असलाच पाहिजे असं काही नाही. शाळेत असताना मी एका गृहस्थांना दवाखान्याऐवजी पिठाच्या गिरणीत पाठवलं होतं. ते तासाभराने घाम पुसत परत आले, तेव्हा मी तितक्याच आत्मविश्वासाने उलट दिशेला बोट दाखवलं. जर्मनीत, बॉनला येऊन मला चौदा वर्षं झाली. इथल्या माणसाला माहीत नसलं की तो "माहीत नाही" म्हणतो आणि चालू लागतो. मला अजूनही ते उद्धट वाटतं.

त्या रविवारी दिवाळी होती. नरक चतुर्दशी. सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि सूर्य उगवायच्या आत सगळ्यांचं अभ्यंगस्नान झालं पाहिजे असा त्यांचा हुकूम होता. तेव्हा पहाटे सव्वापाचला मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये, पंचा गुंडाळून, अंगभर तेल चोपडून उभा होतो. बायकोने डोक्यावर तेल जरा सढळ हाताने थापलं होतं, ते भुवयांवरून ओघळून डोळ्यांत गेलं होतं. चष्मा वॉशिंग मशीनवर होता.

तेवढ्यात बाहेर मोठ्ठा आवाज झाला. खिडकीची काच थरथरली. मी खिडकी उघडून खाली वाकलो. कोपऱ्यावरच्या भिंतीपाशी धूर होता, आणि अलीकडे, दिव्याच्या खांबाजवळ, काहीतरी उभं होतं. करडं. माणसाच्या उंचीचं. वरच्या बाजूला फुगीर.

बस. एवढंच मी पाहिलं. मग थंडी वाजली म्हणून खिडकी लावली आणि उटणं लावायला घेतलं.

दहा वाजता दारावर पोलीस आले. एक बाई, पस्तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, आणि त्यांच्या मागे एक उंच सहकारी, जो सबंध वेळात एक शब्द बोलला नाही. कोपऱ्यावरचं, नाणी टाकून सिगारेट काढायचं मशीन कुणीतरी स्फोटकाने उडवलं होतं. वर्तमानपत्रं टाकणारी बाई तिथून सायकलने जात होती. तिच्या दंडात पत्र्याचा तुकडा घुसला होता आणि ती हॉस्पिटलमध्ये होती. तेव्हा ही नुसती चोरी राहिली नव्हती.

"घरात किंवा केलरमध्ये फटाके वगैरे काही?" बाईंनी सहज विचारलं. वहीतला पहिलाच प्रश्न होता, त्या सगळ्यांनाच विचारत असणार.

नेमका हाच प्रश्न त्यांनी विचारायला नको होता.

कारण आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या जाळीच्या खणात, हिवाळी टायरांच्या मागे, फटाके होते. इथे फटाके वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांतच विकतात आणि एकतीस डिसेंबरच्या रात्री उडवायचे असतात. दिवाळी त्याच्या दोन महिने आधी येते, त्याला जर्मन सरकारचा इलाज नाही. मग आमच्यासारखी माणसं डिसेंबरात जास्तीचे घेतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत दहा महिने दडवून ठेवतात. मी एकटाच नाही. बाकीच्यांबद्दल मात्र मी बोलणार नाही. एकदा बोलून झालंय. माझ्याकडे आठ रॉकेटं होती, भुईनळे होते आणि शंभर बारांची एक पेटी होती. आदल्याच संध्याकाळी मी खाली जाऊन ती सगळी हाताळून, सादळली तर नाहीत ना हे बघून आलो होतो. आणि माझा नागरिकत्वाचा अर्ज सहा महिने ऑफिसात पडून होता.

"नाही," मी म्हणालो. आयुष्यातलं हे माझं एकमेव "नाही", आणि तेही खोटं.

आणि मग ते खोटं झाकायला मी बोलायला लागलो. घाबरलो की मला बोलायला होतं. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, पहाटे काही पाहिलंत का? म्हणालो, मी जागा होतो, बरं का. मी पाहिलंय. बाईंनी पेन उचललं. त्या पेनकडे बघून मला इतका हुरूप आला म्हणून सांगू! माणूस होता? हो, हो, माणूसच. टोपी? गेनाऊ, अगदी बरोबर, टोपी, चपटी. हातात काही? पिशवी असावी. होती. उंची? मध्यम, जरा वाकलेला.

"ओळखीचा वाटला?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी पत्ता सांगायला निघालो होतो आणि दहा पावलं बरोबर चाललो होतो. "म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे गृहस्थ आहेत ना, साधारण तसा," मी म्हणालो. "ते तशीच टोपी घालतात."

बाईंनी टॅब्लेट पुढे केला. मी बोटाने सही केली. वाचलं नाही. या देशात मी इतक्या कागदांवर न वाचता सह्या केल्यात की सगळे वाचायचे ठरवले असते तर नोकरी सोडावी लागली असती.

तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणजे एक आयरिश म्हातारे. तरुणपणी एका जर्मन मुलीच्या मागे इथे आले, लग्न केलं, संध्याकाळच्या वर्गांत तीस वर्षं लोकांना इंग्रजी शिकवलं. आता बायको गेलेली, गुडघे गेलेले. सासूबाई पुण्यात इंग्रजीच्याच शिक्षिका होत्या, त्यामुळे अंगणातल्या बाकावर दोघांची गट्टी जमली होती. सासूबाई त्यांना मास्तर म्हणायच्या. मास्तर सज्जन माणूस. फक्त एक विचित्र खोड होती. सासूबाईंनी एकदा रमी खेळायला पत्त्यांचा जोड बाहेर काढला, तर ते उठून घरात गेले. पत्त्यांना हात लावणार नाहीत म्हणजे नाहीत. आम्ही हसलो होतो.

दहा मिनिटांनी जिन्यातून आवाज आले. मी कठड्यावरून खाली डोकावलो. मास्तर दारात उभे होते, अंगात स्वेटर, दोन्ही हात खिशात. पोलीसबाई हातमोजे घालून, हातात पांढरी पट्टी धरून, शांतपणे सांगत होत्या की स्फोटकाचे अंश आहेत का बघायला फक्त तळवे पुसून घ्यायचे आहेत, दोन मिनिटांचं काम आहे.

"नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही काही केलं नसेल तर..."

"हात देणार नाही."

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण हात खिशातून निघाले नाहीत. बाई आणि तो मुका सहकारी यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तिसऱ्या मजल्यावरून कळला. मास्तर गाडीकडे निघाले तेव्हा त्यांनी जिन्यातून वर पाहिलं. मी पटकन मागे सरलो. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, लपाछपीतल्या पोरासारखा.

मागे वळलो तर सासूबाई लाडवांचं ताट हातात घेऊन आमच्या दारात उभ्या.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

मी सांगितलं. आधी गाळून, मग त्यांनी चष्म्यावरून पाहिल्यावर सगळं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कढईखालचा गॅस बंद करायचं विसरली.

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. "मास्तरांचा थोरला भाऊ इंग्लंडात तुरुंगात होता," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला बाकावर सांगितलंय. मी तुम्हाला सांगणार नव्हते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तिकडे बॉम्ब फुटत होते, माणसं मरत होती, आणि कुणाच्या बोलण्यात आयरिश हेल ऐकू आला की लोक रस्ता ओलांडत होते. भाऊ बांधकामावर मजूर. खोलीवर चौघं पत्ते खेळत बसले होते. पोलिसांनी उचललं. हात पुसून तपासणी केली, रंग बदलला, म्हणाले स्फोटकांचे अंश आहेत. तीन दिवस झोपू दिलं नाही, मारलं. तिसऱ्या दिवशी त्याने सही केली. जन्मठेप."

"आणि मग?" बायकोने विचारलं.

"मग किती वर्षांनी कळलं की तसला रंग पत्त्यांवरच्या लेपानेही येतो. केस काळे असताना आत गेला, पांढरे झाल्यावर सुटला. घरी आल्यावर खोलीचं दार स्वतः उघडायचा नाही. कुणीतरी येऊन उघडेल म्हणून आत उभा राहायचा. असाच गेला." त्या थांबल्या. "शेजारच्या बाईने साक्ष दिली होती. टोपीवाला माणूस पिशवी घेऊन जाताना पाहिला म्हणून. मास्तर म्हणतात, ती बाई वाईट नव्हती. तिला मदत करायची होती."

मी खुर्चीत बसलो. तळहातांना अजून उटण्याचा वास येत होता.

"तुम्ही नक्की काय पाहिलंत?" सासूबाईंनी विचारलं. "चला. दाखवा मला."

बाथरूममध्ये गेलो. त्यांनी माझ्या नाकावर चष्मा चढवला, अगदी लहान पोराला चढवावा तसा, आणि खिडकी उघडली. खाली दिव्याच्या खांबाजवळ तो उभा होता. करडा, माणसाच्या उंचीचा, वरच्या बाजूला फुगीर. पुठ्ठा-कागद टाकायची टोने, म्हणजे चाकांचा कचऱ्याचा मोठा डबा, आणि त्यावर कुणीतरी जुन्या कपड्यांची गच्च भरलेली पिशवी ठेवलेली. सोमवारी गाडी येते म्हणून शेजारच्या इमारतीने शनिवारीच बाहेर काढून ठेवला होता.

"डबा," सासूबाई म्हणाल्या. "जावयाने डब्याला टोपी घातली."

हसायला कुणालाच आलं नाही. आता जाऊन सगळं खरं सांगायचं होतं, आणि खरं सांगायचं तर फटाक्यांसकट. मी जॅकेट चढवलं, केलरमध्ये गेलो आणि पुरावा म्हणून फटाक्यांची पिशवी घेऊन वर आलो. बायकोने ती दारातच हिसकावली.

"स्फोटाचा तपास चाललाय आणि तू पोलीस स्टेशनात फटाक्यांची दारू घेऊन जाणार? ट्राममधून?"

"मग काय घेऊन जाऊ?"

"चष्मा," ती म्हणाली.

पोलीस स्टेशनात त्याच बाई भेटल्या. मी एका दमात सगळं ओतलं. की मी कुणालाही पाहिलं नाही. की तो डबा होता. की माझ्या डोळ्यांत तेल होतं.

"तेल," बाई म्हणाल्या.

"डोक्याचं. सणाचं. आल्झो, म्हणजे असं बघा, आमच्याकडे पहाटे उठून अंगाला तेल लावतात, सूर्य उगवायच्या आत, कारण एका राक्षसाला..."

मी नरकासुराचा वध पोलिसी जर्मनमध्ये सांगितला. तो मुका सहकारी प्रथमच माझ्याकडे नीट बघू लागला. मग मी फटाक्यांचं सांगितलं, आणि खोलीतली हवा बदलली.

बाईंनी पेन खाली ठेवलं, दुसरा कागद काढला. म्हणजे तुम्ही स्फोटाच्या वेळी जागे होतात. तुमच्याकडे फटाके आहेत आणि ते तुम्ही सकाळी नाकारलेत. तुम्ही दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवलंत, आणि आता म्हणता तो डबा होता. इथून पुढे तुम्ही साक्षीदार म्हणून बोलत नाही, संशयित म्हणून बोलताय. गप्प बसण्याचा तुम्हाला हक्क आहे.

हक्क तर मिळाला, पण तो बजावणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी बोलत राहिलो, आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा जास्त बनावट वाटू लागलं. मलाच. ती पांढरी पट्टी आली. मी तळवे पुढे केले. पट्टी घेऊन सहकारी बाहेर गेला, पाच मिनिटांनी आला आणि बाईंच्या कानाशी काहीतरी बोलला.

"तुमच्या हातांवर अंश आहेत."

"फटाक्यांचे! मी काल संध्याकाळी ते..."

"हो," बाई म्हणाल्या. "तसं तुम्ही सांगितलंत."

मी दोनदा आंघोळ केली असती तर ते गेलं असतं का, असा मूर्ख प्रश्न माझ्या डोक्यात फिरत राहिला. त्या मला खोलीत बसवून गेल्या. राखाडी टेबल, एक खुर्ची, भिंतीला खिडकी नाही. दार लावलेलं नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं, तरी मी उठून त्याला हात लावला नाही. किती वेळ बसलो सांगता येत नाही. फोन त्यांच्याकडे होता. मला मारत कुणी नव्हतं. कॉफीसुद्धा दिली होती. तरी मला वाटू लागलं की कदाचित मी काहीतरी केलं असेल. पहाटे. तेल लावायच्या आधी. आता बाईंनी कसलाही कागद पुढे ठेवला असता, "मशीन मीच उडवलं" असा, तरी मी म्हणालो असतो, कुठे सही करू? आणि मग मला घरी जाऊ द्याल ना?

मी बाथरूमला जायची परवानगी मागितली. सहकारी बरोबर आला. कॉरिडॉरमध्ये बाकावर मास्तर बसले होते. हात अजून खिशात. त्यांचा वकील यायचा होता. एका सकाळीत माणूस इतका लहान होतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

"तू इथे काय करतोस?" त्यांनी विचारलं.

"सांगायला आलो. की ते तुम्ही नव्हतात."

"मग?"

"आता ते म्हणतात, मी आहे."

मला वाटलं, ते तोंड फिरवतील. मी फिरवलं असतं. पण ते गुडघ्यावर जोर देऊन उठले आणि माझ्या अगदी जवळ आले.

"ऐक. सही करायच्या आधी प्रत्येक ओळ वाच. समजली नाही तर समजली नाही म्हण. थकलास तर थकलो म्हण. घरी जायचंय म्हणून सही करू नकोस. कळलं? घरी जायचंय म्हणून नाही."

सहकारी म्हणाला, बोलू नका. त्याचे मी ऐकलेले पहिले शब्द.

बाईंनी दोन पानं पुढे ठेवली. मी वाचायला लागलो, बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं. दुसऱ्या पानावर, मध्येच, सकाळचं माझं वाक्य जसंच्या तसं उतरलेलं होतं: तळमजल्यावरच्या शेजाऱ्यासारखा माणूस पाहिला. पुढे माझा डबा, माझं तेल, माझे फटाके, सगळं होतं. पण ते वाक्यही होतं. कुणी मुद्दाम ठेवलं नसेल. कागदावरून कागदावर आलं असेल.

"हे खोडा," मी म्हणालो.

"हे तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. मी पाहिलं नव्हतं." मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मला माहीत नाही तिथे कोण होतं. लिहा. माहीत नाही."

बाईंनी पेन उचललं. मग ती ओळ खोडली, शेजारी नवीन लिहिली आणि पानं पुन्हा माझ्याकडे सरकवली. मी परत पहिल्या ओळीपासून वाचलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, मी पाहिलं नाही. मग सही केली.

दुपारी तीनच्या सुमाराला कुठूनतरी फोन आला. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात एक गाडी दिसली होती. दोघं जण सापडले, मागच्या सीटवर सिगारेटच्या पाकिटांचा ढीग होता. मास्तरांना सोडलं. मलाही. खोटं सांगितल्याबद्दल काय व्हायचं ते पत्राने कळेल म्हणाल्या. निघताना मी विचारलं, आणि त्या फटाक्यांचं?

"थोडेसे घरी ठेवायला हरकत नाही," बाई म्हणाल्या. "आज उडवायला आहे. सकाळी विचारलं तेव्हा हो म्हणाला असतात, तर मी पुढच्या दारावर गेले असते."

मास्तर आणि मी एकाच ट्रामने घरी आलो, वेगवेगळ्या डब्यांत. तेच पुढच्या डब्यात जाऊन बसले.

त्या संध्याकाळी आम्ही एकही फटाका लावला नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी फराळाचं ताट भरलं आणि माझ्या हातात दिलं. "घेऊन जा," त्या म्हणाल्या, "आणि तिथे कमी बोला." मी बेल वाजवली. मास्तरांनी दार थोडंसं उघडलं. माझ्यामागे सासूबाई जिन्यात उभ्या होत्या, माझ्यावर नजर ठेवून. मी तीन वाक्यं पाठ करून आलो होतो, त्यातलं एकही आठवेना. ताट पुढे केलं. त्यांनी ते बघितलं, मला बघितलं, आणि मग स्वेटरच्या खिशातून सावकाश हात बाहेर काढून ताट घेतलं. दोन्ही हातांनी.

"मी तुमच्यासाठी आणखी काही करू शकतो का?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "मी कुठे दिसलो तर मला ओळखू नकोस. तुला ते जमत नाही."